पाठ सगळं आहे, पण पेपरात उतरत नाही

पत्र

नमस्कार बाई,

आम्ही अंबड तालुक्यातले. तीन एकर मोसंबी आहे, बाकी कापूस. मुलगी यंदा दहावीला. पहाटे चारला उठून विज्ञान घोकते. मी चुलीपाशी बसून ऐकते, कुठं चुकत नाही. पण दिवाळीनंतरच्या सराव परीक्षेत विज्ञान भाग १ ला ४० पैकी १३ पडले, भाग २ ला १९. पेपर बघितला तर 'शास्त्रीय कारणे लिहा'ला निम्मंच उत्तर, प्रकाशाच्या आकृत्यांवर लाल रेघा आणि रासायनिक समीकरणं तर सगळीच चुकलेली. शाळेत प्रयोगाची खोली आहे, पण तिला कुलूप असतं. सर चांगले आहेत, पण त्यांच्याकडं वर्ग फार. लोक म्हणतात जालन्याला शिकवणी लावा. आठ हजार सांगितलेत, एसटीचं भाडं वेगळं. तिचे पप्पा म्हणतात, झेपत नसेल तर पुढं आर्ट्सला टाकू, उगं पैसा कशाला घालायचा. मी सातवी शिकलेली. मला त्यातलं काही कळत नाही. शिकवायचं म्हटलं तरी काय शिकवू?

एक आई

उत्तर

ताई,

पहाटे चारला उठणाऱ्या लेकराला ४० पैकी १३ पडतात तेव्हा दोष मेहनतीचा नसतो. भाग २ ला १९ आणि भाग १ ला १३, या फरकातच सगळं दिसतंय. भाग २ मध्ये वर्णन जास्त, त्यामुळं घोकलेलं तिथं थोडंफार कामी येतं. भाग १ मध्ये आकृती काढावी लागते, समीकरण जुळवावं लागतं, उदाहरण सोडवावं लागतं, आणि ही कामं तोंडानं होत नाहीत. तुमच्या लेकीला वाक्यं येतात, पण ती ज्या गोष्टींबद्दल आहेत त्या तिनं कधी पाहिलेल्या नाहीत. किंवा असं म्हणते: पाहिलेल्या आहेत, रोज पाहते, पण धड्यात लिहिलंय ते हेच, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. त्यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या घरात आणि मोसंबीच्या बागेत आहेत, म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

शिकवणीचं आधी सांगून टाकते. मी आता लावणार नाही. आठ हजार देऊन, रोजचे दोन तास एसटीत घालवून तिला आणखी एक वही मिळेल, आणि ती वहीसुद्धा ती पाठ करेल. एखाद्या शिकवणीत खरोखर भिंग हातात देत असतील, मुलांना फळ्यापाशी उभं करून समीकरण जुळवायला लावत असतील, तर गोष्ट वेगळी. पैसे भरायच्या आधी तेवढं जाऊन बघून या. गाइडही दुसरं घेऊ नका. पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, आणि धड्यांजवळ जे क्यूआर कोड छापलेत ते मोबाईलनं उघडले की चित्रफिती मिळतात. घरात ज्याच्याकडं नेट असेल त्याचा फोन तिला रविवारी तासभर द्या.

आता प्रकाश. 'भिंगे व त्यांचे उपयोग' या धड्यात एक तक्ता आहे. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू सहा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली तर प्रतिमा कुठं मिळते, केवढी मिळते, उलट की सुलट, वास्तव (भिंतीवर पडणारी) की आभासी (नुसती भिंगातून दिसणारी). तुमच्या लेकीनं तो पाठ केलेला असणार आणि पेपरात तिसरी ओळ चौथीच्या जागी गेलेली असणार. मी शिकवत असताना दर वर्षी हेच व्हायचं. सहा ओळी एकसारख्या दिसतात, डोक्यात त्यांची सरमिसळ होते.

घरात आजी किंवा आजोबा जवळचं वाचायला चष्मा लावतात का? पोथीसाठी, सुईत दोरा ओवायला? ते बहिर्वक्र भिंग आहे. दुपारी एका खोलीचं दार लावा, एकच खिडकी उघडी ठेवा आणि खिडकीसमोरच्या भिंतीपाशी तो चष्मा धरून हळूहळू मागंपुढं करायला सांगा. एका ठिकाणी बाहेरचं झाड भिंतीवर उमटेल. लहानसं, रंगीत आणि उलटं. वाऱ्यानं पानं हलली तर भिंतीवरची पानंही हलतील. इथं पट्टी घेऊन भिंतीपासून चष्म्यापर्यंतचं अंतर मोजायचं. चष्म्याचा नंबर +२ असेल तर ते अर्ध्या मीटरच्या आसपास येईल, +२.५ असेल तर ४० सेंटिमीटरच्या. कारण नंबर म्हणजे त्या भिंगाची शक्ती, आणि शक्ती म्हणजे १ भागिले मीटरमधलं नाभीय अंतर, म्हणजे आत्ता पट्टीनं मोजलेलं तेच. 'डायॉप्टर'ची, म्हणजे या शक्तीच्या एककाची, व्याख्या ती घोकतेच आहे. ती आजीच्या नाकावर बसलेली असते, एवढंच तिला माहीत नाही. घरात कुणाचा दूरचा, म्हणजे वजा नंबरचा चष्मा असेल तर तोही भिंतीपाशी धरून बघायला सांगा. कितीही सरकवला तरी झाड उमटणार नाही. अंतर्वक्र भिंगातून वस्तूची प्रतिमा आभासीच मिळते, या वाक्याचा अर्थ इतकाच.

रात्री पुढचा भाग. कागदाला बाणाच्या आकाराचं भोक पाडून तो मोबाईलच्या टॉर्चवर चिकटवायचा. +२ चा चष्मा भिंतीपासून १ मीटरवर आणि टॉर्च चष्म्यापासून १ मीटरवर ठेवला की भिंतीवर तेवढाच बाण पडतो, उलटा. ती झाली 'वस्तू दुप्पट नाभीय अंतरावर' ही ओळ. टॉर्च ७५ सेंटिमीटरवर आणला तर चष्मा भिंतीपासून दीड मीटरवर न्यावा लागतो आणि बाण दुप्पट मोठा होतो. हेच तिनं सूत्रात घालून बघायचं. वस्तूचं अंतर उणे ७५, नाभीय अंतर अधिक ५०, प्रतिमेचं अंतर येतं १५०, विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट) उणे २. उणे कशासाठी, तर बाण उलटा म्हणून. चिन्हांचा नियम असा एकदा भिंतीवर पाहिला की पुन्हा घोकावा लागत नाही. टॉर्च ५० च्या आत घेतला तर भिंतीवर काहीच मिळत नाही. पण चष्म्यातून डोळ्यांनी पाहिलं तर वस्तू मोठी आणि सुलट दिसते, आणि आजी पोथी वाचते ती याच जागेवर. आजीचा नंबर वेगळा निघाला तर अंतरं त्या हिशेबानं बदलायची. तेवढं गणित तिला येईल, येऊ द्या. एक मात्र बजावून ठेवा, भिंगातून सूर्याकडं कधीही बघायचं नाही आणि भिंग उन्हात कापसावर विसरायचं नाही.

आकृत्यांवरच्या लाल रेघा बहुधा दोन कारणांनी असतात. एक, किरणांवर बाण नसतात. बाण नसलेला किरण तपासणाऱ्याला नुसती रेघ दिसते, गुण कापायला त्याला निमित्तच मिळतं. दोन, मुलं पाच-सहा किरण काढून गोंधळ करतात. दोन पुरतात. मुख्य अक्षाला समांतर आलेला नाभीतून जातो, प्रकाशीय मध्यातून जाणारा सरळ जातो. टोकदार पेन्सिल, पट्टी आणि हे दोन किरण घेऊन सहा आकृत्या रोज एकदा काढल्या तर पंधरा मिनिटं लागतात.

अपवर्तनासाठी, म्हणजे पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो ते बघायला, वाटीत नाणं टाकून मागं सरकत ते दिसेनासं करायचं आणि दुसऱ्यानं हळूच पाणी ओतायचं, हा पुस्तकातला प्रयोग कराच. पण तुमच्याकडं मोसंबी आहे म्हणजे शेततळंही असेल, म्हणून हे जास्त महत्त्वाचं सांगते. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाशाला किती वाकवतं त्याचं माप, १.३३. म्हणजे वरून सरळ खाली पाहिलं तर चार फूट पाणी तीन फुटांसारखं दिसतं, आणि काठावरून तिरकं पाहिलं तर त्याहूनही उथळ. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय घसरतो हे लेकरांना सांगितलेलं असतं, तळ दिसतो त्यापेक्षा खोल असतो हे सांगितलेलं नसतं. हा धडा धाकट्या भावंडांनाही शिकवा, परीक्षा असो-नसो.

आता तुमचा खरा प्रश्न. सातवी शिकलेल्या आईनं काय शिकवायचं? काहीच नाही. तुम्ही फक्त विचारायचं. भाकरी थापताना तिला समोर बसवा आणि एक 'शास्त्रीय कारण' सांगायला लावा. पुस्तकी शब्द आला की तिथंच थांबवून म्हणायचं, 'म्हणजे काय?' तुम्हाला उत्तर माहीत नाही हीच तुमची जमेची बाजू. मला माहीत असतं, म्हणून मी अर्ध्या वाक्यावर मान डोलावून टाकते आणि लेकराला वाटतं, झालं उत्तर.

उदाहरणच घ्या. 'तारे लुकलुकतात, पण ग्रह लुकलुकत नाहीत.' ती म्हणेल, 'वातावरणीय अपवर्तनामुळे.' पेपरात तिनं एवढंच लिहिलं असेल आणि निम्मे गुण गेले असतील. तुम्ही विचारा, म्हणजे काय? मग तिला सांगावं लागेल की वर हवेचे थर सारखे हलत असतात, कुठं गरम कुठं थंड, त्यामुळं त्यांची घनता बदलते आणि घनतेबरोबर अपवर्तनांकही. ताऱ्याचा प्रकाश त्यातून येताना दर क्षणी जरा वेगळा वाकतो. बरं, मग ग्रहाचा का नाही वाकत? तोही वाकतोच. पण तारा इतका दूर आहे की तो एकच बिंदू दिसतो, त्यामुळं त्याचा प्रकाश कमीजास्त झालेला लगेच जाणवतो. ग्रह त्यामानानं जवळ, तो अनेक बिंदूंचा समूह असतो. एका बिंदूचा प्रकाश कमी झाला तर दुसऱ्याचा वाढलेला असतो, सरासरी तीच राहते. हे सगळं तिनं तुम्हाला तिच्या बोलीत सांगितलं की मगच वहीत, चार ओळींत, पुस्तकी शब्द घालून लिहायचं. आधी बोलून, मग लिहून. उलटं केलं की घोकंपट्टीच होते.

समीकरणं सगळीच चुकली म्हणता. पेपर माझ्यासमोर नाही, पण चूक कोणती असेल ते मी पैजेवर सांगते. जुळवाजुळव करताना तिनं रेणुसूत्राच्या आतले, खाली लिहिलेले लहान आकडे बदलले असणार. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून त्या एकाचे दोन केले तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो सूत्राच्या पुढचा आकडा, म्हणजे रेणू किती घेतले तो.

याला धान्य घ्या. तुरीचा दाणा म्हणजे कार्बन, ज्वारीचा हायड्रोजन, हरभऱ्याचा ऑक्सिजन. गोबरगॅस जळतो त्यात मिथेन असतो, म्हणजे एक तूर आणि चार ज्वारी. ऑक्सिजनचा रेणू म्हणजे दोन हरभरे. जळून तयार होतं काय, तर कार्बन डायऑक्साइड, एक तूर दोन हरभरे, आणि पाणी, दोन ज्वारी एक हरभरा. सुपात डावीकडं कच्चा माल मांडायचा आणि तेच दाणे उचलून उजवीकडं नवे रेणू रचायचे. नवा दाणा आणायचा नाही, जुना टाकायचा नाही. चार ज्वारी संपवायच्या तर पाण्याचे दोन रेणू करावे लागतात, त्यासाठी हरभरे कमी पडतात, म्हणून ऑक्सिजनचे दोन रेणू घ्यावे लागतात. समीकरण जुळलं. अशी दहा समीकरणं सुपात झाली की कागदावर आपोआप यायला लागतील.

अभिक्रियांचे प्रकार मात्र सुपात दिसत नाहीत, त्यासाठी चुना आणि मोरचूद. तुमच्याकडं दोन्ही असणार, कारण पावसाळ्याच्या आधी आणि नंतर मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. तिच्या पप्पांना विचारा, मोरचूद लोखंडी बादलीत का भिजवत नाहीत, प्लास्टिकचं टिपाडच का लागतं? आणि मिश्रण तयार झाल्यावर त्यात विळ्याचं घासलेलं पातं का बुडवून बघतात? पात्यावर तांबूस थर चढला तर ते म्हणतील, चुना कमी पडला, अजून घाल. हा तांबूस थर म्हणजे खरोखरचं तांबं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला हुसकावून त्याच्या जागी जातं. पुस्तकात याला विस्थापन अभिक्रिया म्हणतात. चुना पुरेसा पडला की मोकळं कॉपर सल्फेट उरत नाही आणि पातं स्वच्छ राहतं. जो माणूस पातं बघून हे ओळखतो त्यानं लेकीच्या विज्ञानाला 'झेपत नाही' म्हणू नये, असं मला वाटतं. त्यांना हे वाचून दाखवा.

घरी करायचं तर प्लास्टिकच्या टाकाऊ पेल्यात चिमूटभर मोरचूद विरघळवून त्यात घासलेला खिळा सोडायचा. थोड्या वेळात खिळा तांबूस होतो, सकाळपर्यंत पाण्याचा निळा रंग फिका पडून हिरवट झाक येते. मोरचूद विषारी आहे. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, पेला नंतर फेकून द्या.

चुन्याची गोष्ट याहून मोठी आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. एकाचे दोन झाले, हे अपघटन, आणि त्याला उष्णता द्यावी लागली म्हणून ते ऊष्माग्राही. कळी पाण्यात टाकली की सूं सूं आवाज करत पाणी उकळायला लागतं. दोघांचं मिळून एक झालं, हा संयोग, आणि उष्णता बाहेर पडली म्हणून ऊष्मादायी. हे पप्पांनी करायचं, लेकीनं लांबून बघायचं, डोळ्यांत थेंब उडाला तर फार वाईट. आता हा विरी गेलेला चुना भिंतीला लावला की काही दिवसांत तो कडक, पांढरा होतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो परत चुनखडीच्याच रासायनिक रूपात जातो. डोंगरातून निघालेली चुनखडी तुमच्या भिंतीवर येऊन पुन्हा चुनखडी झाली. परीक्षेत विचारतात त्या बऱ्याच व्याख्या या एका फेरीत येऊन जातात.

आणि याच चुन्यावरून जीवनप्रक्रियेच्या धड्यात जाता येतं. पानाचा चुना चमचाभर, एका ग्लास पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या ग्लासात ओतलं की ती चुन्याची निवळी. त्यात ज्यूसच्या नळीनं हळूहळू फुंकायचं. ओढायचं नाही, चुना तोंडात गेला तर भाजतो. निवळी दुधाळ होते. म्हणजे भिंत ज्या वायूनं पांढरी झाली तो आपल्या उच्छ्वासातही आहे. आपल्या आत कुठंतरी काहीतरी 'जळतंय' याचा हा पुरावा. बराच वेळ फुंकत राहिलं तर ते पाणी पुन्हा नितळ होतं, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडनं पांढरा अवक्षेप विरघळतो. आता तुमचं बोअरचं पाणी आठवा. दिसायला नितळ, पण पातेल्यात तापवलं की तळाला पांढरा थर. तेच विरघळलेलं द्रव्य उष्णतेनं पुन्हा बाहेर पडतं. त्या थरावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. ते कशाचे, हे तिनं तुम्हाला सांगायचं.

श्वसन म्हणजे नाकानं हवा आत-बाहेर, असंच बहुतेक मुलं लिहितात. खरं काम पेशीत चालतं. मटकीला मोड आणायला फडक्यात घट्ट बांधून ठेवता, सकाळी गाठोड्यात हात घातला तर ऊब लागते. ओला सोयाबीन पोत्यात भरला तर पोतं तापतं, हे गावात प्रत्येकाला माहीत आहे. दाणे आणि त्यांच्यावरची बुरशी श्वसन करतात, साखर आणि ऑक्सिजन खर्च होतात, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा तयार होते, त्यातली काही ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. धडा तिसरा, भाग १, ऊष्मादायी अभिक्रिया. आणि धडा दुसरा, भाग २, ऑक्सिश्वसन. एकाच पोत्यात दोन्ही. ग्लुकोजचा एक रेणू, ऑक्सिजनचे सहा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे सहा. ऑक्सिजनचे अणू दोन्हीकडं अठरा भरतात का ते तिला सुपात मोजू द्या.

ग्लायकोलायसिस, क्रेब चक्र ही पेशीतल्या श्वसनाच्या टप्प्यांची नावं पाठ करावीच लागतील, त्याला इलाज नाही. पण प्रत्येकापुढं एकच गोष्ट लिहून ठेवायची, कुठं घडतं. पहिलं पेशीद्रवात, पुढचं तंतुकणिकेत. निम्म्या चुका तिथंच होतात.

भाग २ चा तिसरा धडा प्रजननाचा. पुष्कळ वर्गांत तो 'घरी वाचून घ्या' म्हणून उरकतात आणि मुली लाजून तो सोडून देतात. गुणांचं नुकसान होतंच, बाकीचंही होतं. ताई, हा धडा तुम्ही तिच्याबरोबर बसून वाचा. इथं तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाळी साधारण २८ ते ३० दिवसांनी का येते, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं काय करतात, हे पुस्तक सांगेल. दुखतं तेव्हा काय करायचं, लपवायचं कशाला नाही, हे तुम्ही सांगाल. आणि एक गोष्ट मोठ्यानं वाचा, घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशी. बाईच्या अंड्यात फक्त एक्स गुणसूत्र असतं, पुरुषाच्या शुक्रपेशीत एक्स किंवा वाय. मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाच्या पेशीवर ठरतं. ही एक ओळ माहीत नसल्यापायी आपल्याकडं किती सुनांनी किती बोलणी खाल्लीत, ते मी इथं लिहीत बसत नाही.

कुलपाचं काय करायचं? विज्ञानाचे ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिकाचे. ते २० शाळेतच मिळतात, म्हणून प्रयोग करून घेणं हे शाळेचं काम आहे, उपकार नाही. पण भांडायला जाऊ नका. वर्गातल्या तीन-चार मुलींच्या आया मिळून मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्यातली एक दुपार मागा. खोली झाडून-पुसून देतो म्हणा, सरांवर आधीच तीन वर्गांचं ओझं असेल तर मांडामांड मुली करतील म्हणा. अशा मागणीला नाही म्हणणं अवघड जातं. तरीही टाळलं तर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

वेळेचं म्हणाल तर लेखी परीक्षा हल्ली फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होते. पहाटे चारचं उठणं बंद करा, साडेपाच पुरे. झोप मोडून घोकलेलं पेपरात आठवत नाही. जानेवारीपासून बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या, ४० गुणांना दोन तास. तपासायला सरांकडं द्या. एका पेपरावर त्यांची दहा मिनिटं जातील, तेवढी ते काढतील.

राहिलं आर्ट्स की सायन्स. ते आज ठरवू नका आणि घरात त्यावर बोलूही नका, निदान तिच्यासमोर तरी. आर्ट्स ही नापासांची जागा नाही, आवडीनं घेतलं तर तिथूनही पुढं जाता येतं. पण 'झेपत नाही' असा शिक्का मारून तिला तिकडं ढकलणं वेगळं. शिवाय दहावीचं विज्ञान नुसतं डॉक्टरकीला लागत नाही. पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला लागतं, बारावी सायन्स करून नर्सिंग, फार्मसी, कृषीची पदवी होते, आणि त्यासाठी परभणीचं कृषी विद्यापीठ तुम्हाला काही लांब नाही. निकालानंतर तिला विचारा, तिला काय हवंय. ते आठ हजार तोवर बाजूला ठेवा, अकरावीच्या प्रवेशाला आणि येण्याजाण्याला लागतीलच. त्यातलेच शंभर-दीडशे काढून या आठवड्यात तिला एक हातातलं भिंग आणून द्या. म्हणजे आजीला चष्म्याविना बसावं लागणार नाही.

तुमची,
बाई